घडी मोडणारीचं नाव

गंगाबाईचं पोलकं म्हणून सिंदीपासून देवळीपर्यंत जे पोलकं ओळखलं जायचं, ते मी शिवलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे माझ्या बोलण्यात गंगाबाईबद्दल गोडवा येईल, त्यावरून मी ते विसरले असं कुणाला वाटायला नको. कापड माझं, बेतणं माझं, टाके माझे, आतला चोरखिसा माझ्या डोक्यातून निघालेला. नाव मात्र तिचं. आता दुकान मुलाच्या हाती दिलं आहे आणि पिपरी मेघेच्या घरात पंख्याखाली बसून मी हे लिहिते आहे. तरी कुणी म्हातारी 'गंगाबाईचं पोलकं' म्हणाली की माझे कान तापतात. पण उपकारही तिचेच आहेत, आणि ते लहान नाहीत. राग आणि उपकार एकाच बाईपाशी अडकले, त्याला मी काय करू?

आमचं घर सिंदीला, रुळांपलीकडच्या वस्तीत. वस्तीनं नुकताच बौद्ध धर्म घेतला होता आणि घरोघरी भिंती नव्या मातीनं सारवलेल्या होत्या. बा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायला जायचा. हंगामात तो घरी आला की केसांत, भुवयांत, कानांच्या भोकांत कापूस. माय म्हणायची, "अंगनातच झटक, नाई तं भाजीत पडते." भाजी बहुतेक अंबाडीची, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. सोबत भाकर आणि जवसाची चटणी. एवढी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकघरात काय काय येऊन गेलं, पण ताप उतरला की तोंडाला चव आणायला मला अजून तीच चटणी लागते. जिनाचा भोंगा, मालगाडीची डब्यांवर डबे आदळत जाण्याची धडधड आणि मायचा आवाज, या तिन्हींवर आमचा दिवस चालायचा, आणि तिन्हींत मायचा आवाज मोठा. बाजारात ती भाव पाडायला उभी राहिली की दुकानदार आधीच कपाळाला हात लावायचा. ती एकदा भाव बोलायची, दुकानदार नाही म्हणाला की सरळ चालू लागायची, आणि मागे वळून पाहायची नाही. "वळून पाह्यलं का मेलीस," हे तिनं मला शिकवलं. मी पुढे वर्धेला दुकान काढलं, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी भांडले, ते या एका धड्यावर.

बाला जिनात भाकर पोचवायला मी जायची, तेव्हा वाटेत ग्रामपंचायतीची खोली लागायची. एक दिवस तिच्या खिडकीतून एक आवाज आला. बारीक, सारखा, पावसाळ्यातल्या किड्यासारखा, पण मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. डोकावले तर आत बायका सतरंजीवर बसलेल्या, आणि कोपऱ्यात काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन. सरकारनं नेमलेली एक ग्रामसेविका आठवड्यातून एकदा वर्धेहून गाडीनं यायची आणि महिला मंडळाच्या बायकांना शिवण शिकवायची. तिनं मला खिडकीत पाहिलं. "बाहेर का उभी? ही खोली सगळ्यांची आहे," ती म्हणाली. आत बसलेल्या बायकांनी आपापली कापडं जवळ ओढली. मी आत गेले आणि दाराजवळ जागा होती तिथे बसले. भाकर बाला उशिरा पोचली. त्यानं ती कुरकुर न करता खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यापासून तो आपली भाकर सकाळीच बांधून नेऊ लागला. माझ्या बाचं प्रेम असं असायचं.

त्या मंडळाची एक रीत होती. ती सेविकाबाईंनी घातलेली नव्हती, बायकांनीच पाडली होती. प्रत्येकीनं आपलं कापड आणायचं, आपल्याच अंगाचं काहीतरी शिवायचं आणि पुरं झालं की सतरंजीच्या मधोमध ठेवायचं. मग सगळ्या जणी ते हातात घ्यायच्या, उलटं करून शिवण ओढून बघायच्या, काखेत बोट घालून नावं ठेवायच्या. "ह्या काजातून तं बैल जाईन, वं!" "गळा हाय का विहीर?" असं हसणं, खिदळणं. ते झालं की घडी मोडायची. नवं लुगडं आपण अंगाला लावायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी नेसून त्याची घडी मोडावी, ही तर घरोघरची चाल. मंडळात तीच चाल शिवलेल्या कपड्याला लागली. कुणीतरी एक जण आडपडद्याच्या चादरीमागे जाऊन ते अंगात घालायची, विहिरीपर्यंत चक्कर मारून यायची, तोंडात गुळाचा खडा टाकायची आणि कपडा शिवणारीला परत द्यायची. त्यानंतर ती शिवणारी मंडळाची झाली. आणि मंडळाची झाली की मशीनवर बसायला मोकळी. तोपर्यंत हातशिलाईच. मशीनला हात लावायचा नाही.

मला मशीनवर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. मायसोबत निंदणाला आणि वेचणीला जाऊन माझी बोटं फाटत होती, आणि त्या काळ्या यंत्रापाशी बसलेली बाई सावलीत बसून, पाय हलवून काहीतरी उभं करत होती. हे मला दिसलं, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

मायनं कापड आणलं. थानाचं शेवटचं टोक होतं, जांभळं, त्यावर पांढरे बारीक ठिपके. दुकानदाराला तिनं एवढं छळलं की त्यानं वरून दोऱ्याचं रीळ दिलं. मी बेतायला बसले तेव्हा ती डोक्यावर उभी. "माया सोड," म्हणाली. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. अंग वाढलं की ती उसवून कपडा मोठा करता येतो. "सोडली ना," मी म्हटलं. "आजून सोड. तू वाढून राह्यली, कापड वाढत नाई." तिनं एवढी माया सोडायला लावली की पोलकं आतून जाड, गादीसारखं झालं. आणि डावीकडे आतल्या अंगाला मी एक चोरखिसा लावला, छातीशी, बाहेरून दिसणार नाही असा. माझी सुई आणि खडू पदराच्या गाठीतून सारखे हरवायचे म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं. त्या खिशाचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पोलकं पुरं झालं तशी मी ते सतरंजीवर ठेवलं. बायकांनी हातात घेतलं, उलटं केलं, टाके मोजले, काजाला नाव ठेवलं, एकीनं चांगलंही म्हटलं. मग घडी मोडायची वेळ आली आणि खोलीत एकेकीला काहीतरी आठवलं. सोनाराच्या घरची म्हणाली, "आज माहा उपास हाय." तेल्याची चंपा माझ्याच अंगमापाची, ती म्हणाली, "मले आखूड होते." मंडळाचा कारभार पाहायची गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरची धाकटी सून, तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या. बोलणं गोड, साखरेच्या पाकासारखं. ती म्हणाली, "ठेव ना गं फळीवर. घाई कसली? पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या बायका वाईट नव्हत्या. माझ्या हाताला धरून टाका सरळ करायच्या, हुरडा आणला तर माझ्या ओंजळीतही टाकायच्या, जरा वरून. पण माझ्या घरातून आलेलं कापड अंगाला लावायचं म्हटलं की त्यांच्या आत काहीतरी मागे सरायचं. मायला सांगितलं तर ती भडकली. "आन वापस थे पोलकं. घडी मोडाले माय नाई का तुले?" पण मायनं मोडून मशीन मिळणार नव्हतं.

फळीवर ते पोलकं धूळ खात राहिलं. हंगाम सरत आला, वेचणी संपत आली, तरी तिथंच.

मग एक दिवस चंपानं पोलकं आणलं. नवं, लाल. सतरंजीवर ठेवलं, हसून झालं, आणि वहिनींनी स्वतः उठून त्याची घडी मोडली. चंपा लगेच मशीनवर जाऊन बसली. माझं डोकं फिरलं. मी उठले आणि फळीवरून माझं पोलकं ओढलं. धूळ सगळ्यांच्या अंगावर उडाली.

"माहं आधी आलं होतं," मी ओरडले. "बाजारात कांदे घेतानाही आधी आली तिले आधी तोलून देतेत!"

"इतका राग बरा नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पोरीच्या जातीला शोभत नाही."

पोरीची जात, मुलीची जात, असं सगळेच बोलतात. त्यांच्या मनात तेवढंच असेल. पण तो शब्द त्या खोलीत पडला आणि चंपाचं मशीन थांबलं. सेविकाबाई खाली बघून खडूनं कापडावर उगाच रेघ ओढत राहिल्या. मी दाराकडे वळले. मागे वळून पाहायचं नाही, एवढं मला येत होतं.

"थांब वं, पोट्टे," दाराजवळून आवाज आला. "आन इकडे. तो खिसा दाखव."

ती गंगाबाई. कुणब्याची, आडव्या अंगाची, पानानं दात लाल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत स्वतः वाहायची. मंडळात यायची खरी, पण वर्षात एक चोळीही धड पुरी करायची नाही, गप्पा मारायची. तिचं घरातलं भांडण साऱ्या सिंदीला माहीत होतं. धान्याच्या कोठीची किल्ली तिच्याकडे होती, आणि ती अंघोळीला गेली की जाऊ किल्ली काढून घ्यायची, कोठी उघडायची. किल्ली कंबरेला लावली, उशाखाली ठेवली, तुळशीत पुरली, जाऊ शोधून काढायचीच.

मी पोलकं तिच्या मांडीवर टाकलं. तिनं ते उलटं केलं, खिशात दोन बोटं घातली, बाहेरून कापड चाचपलं.

"बाहेरून समजतच नाई," ती म्हणाली. "घडी मोडली का ह्याची?"

"कोनी मोडत नाई."

"मंग मी मोडतो."

वहिनी उभ्या राहिल्या. "अहो गंगाबाई, तुम्ही? तुम्ही कशा मोडणार?"

"कशी म्हंजे? बाह्यांत हात घालून," गंगाबाई म्हणाली आणि चादरीमागे गेली सुद्धा.

मला तेव्हा कळलं नाही ते आता कळतं, म्हणून इथे लिहून ठेवते. घडी मोडायची तर सवाष्णीनं, हे साऱ्यांना न बोलता ठाऊक होतं. एवढी वर्षं त्या खोलीत घड्या मोडल्या गेल्या आणि दाराजवळ बसलेल्या त्या विधवा बाईला कुणी एकदाही उठ म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारीच बसायची ती. दाराजवळची जागा तिची का, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

चादरीमागून धडपड ऐकू आली. "अडकलं वं! माया सोडली का नाई?"

"सोडली," मी म्हटलं.

"किती?"

"मायनं सांगतली तितकी."

"तुही माय हुशार हाय," ती म्हणाली, आणि मग दातानं दोरा तोडल्याचा आवाज, आणि त्यामागून टरर, टरर. माझी शिवण. दोन्ही बाजूंची. मी एकेक टाका घालत पुरी केलेली. मी किंचाळले, "उसवून काय राह्यल्या, बाई!" सगळ्या जणी हसायला लागल्या, सेविकाबाईसुद्धा. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा माझं पोलकं तिच्या अंगावर होतं, कडेला धावदोरा घातलेलं, काखेत ताठ, पण बसलेलं. तिनं कमरेची किल्ली काढली, चोरखिशात टाकली आणि त्या वयात, त्या अंगानं, जागच्या जागी उड्या मारल्या.

"वाजते का?"

"नाई," चंपा म्हणाली.

"मंग आता बसा म्हना घरच्याईले धुंडत!" असं म्हणून ती विहिरीपर्यंत गेली, परत आली आणि वाटीतला गूळ स्वतःच्या हातानं उचलून तोंडात टाकला.

वहिनींचा चेहरा उतरला होता. त्या मला म्हणाल्या, "कौसल्या, याला घडी मोडणं म्हणत नाहीत. सवाष्णीनं मोडायची असते."

मी बाजारातल्या मायसारखी उभी राहिले. राग गेला नव्हता, पण तो आता हाताशी आला होता.

"मंग मोडली नाई म्हनता?"

"नाही."

"म्हंजे घडी आजून तशीच हाय."

"हो बाई, तशीच."

"मंग मी पुन्यांदा घडी घालून देतो," मी म्हटलं. "तुमी मोडा, वयनी. आताच."

गंगाबाईनं तेवढ्यात गळ्याचं पहिलं बटण सोडलं. "काढून देऊ का?" ती म्हणाली. "गरम हाय, पन घालसान तुमी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पोलक्याकडे पाहिलं. एक तर ते अंगात घालायचं, नाही तर घडी मोडली म्हणायचं. "राहू द्या, राहू द्या," त्या म्हणाल्या. "मोडली. मोडली म्हणते ना मी. बस बाई मशीनवर."

चंपा उठली. मी बसले. पाय ठेवला तर चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, सुई अडकली. सेविकाबाईंनी माझे दोन्ही पाय हातांनी धरून पट्टीवर नीट ठेवले. त्या वस्तीतल्या माझ्या धुळीच्या पायांना त्यांनी हात लावला, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, कारण माझं सारं लक्ष सुईकडे होतं. आता वाटतं. मग चाक नीट फिरलं आणि खिडकीबाहेरून ऐकलेला तो आवाज माझ्या पायांतून निघायला लागला. पुढे माझ्या दुकानात एका वेळी कितीतरी मशिनं चालली, त्यांच्या गोंगाटात मी हिशेब केले, पोरं वाढवली. पण तो पहिला आवाज मला त्या सगळ्यांतून वेगळा काढता येतो.

जाताना मी पोलकं मागितलं. रीतच होती, घडी मोडली की परत द्यायचं. गंगाबाईनं बाह्या ताणून दाखवल्या. "आता हे तुया अंगाले व्हते का? दोघी मावसान ह्याच्यात." आणि तशीच घालून निघून गेली. घरी माय जी चिडली! दुसऱ्या दिवशी ती गंगाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि परत आली ती पोलकं न घेता, कापडाचा एक जोड घेऊन. "दोन शिवजो म्हनते. खिसा पायजे म्हनते. कापड चांगलं हाय," ती म्हणाली आणि लगेच चूल पेटवायला बसली. गंगाबाईची जाऊ किल्ली शोधून थकली. ही बातमी विहिरीवर पोचली, तिथून बाजारात. ज्या ज्या घरात सासू, नणंद, जाऊ आणि किल्ली होती, त्या घरातून बाया आल्या. सोनाराच्या घरची आली, उपास नसलेल्या दिवशी. वर्षभरानं वहिनींच्या घरूनही मोलकरणीच्या हाती रेशमी कापड आलं. सगळ्यांचा निरोप एकच: "गंगाबाईसारखं शिवून दे." कौसल्याचं शिवून दे, असं एकही म्हणाली नाही. लग्न होऊन मी वर्धेला आले, दुकान काढलं, पाटीवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. तरी बाया पाटीखालून आत यायच्या आणि म्हणायच्या, "गंगाबाईचं पोलकं भेटते ना अथी?"

एकदा सिंदीला एका लग्नाला गेले होते. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून तिच्या घरी डोकावले. गंगाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती, आता वाळलेली. कोठीची किल्ली सुनेकडे गेली होती. चहा झाला, घरातल्या साऱ्यांची चौकशी झाली. इतकी वर्षं मनात साठलेलं मी शेवटी विचारून टाकलं.

"बाई," मी म्हटलं, "पोलकं माहं, नाव तुमचं. हे बरोबर हाय का?"

"नाई," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? तुया नावानं असतं तं त्या बायाईच्या घरात शिरलं असतं का थे? सांग ना तूच."

मला जास्तच राग आला. सौदा अडला की मी एक सोडून दुसरं मागते, ही माझी सवय. "बरं, नाव राहू द्या," मी म्हटलं. "माहं पोलकं तं वापस द्या. मोडनारीनं ठेवून घ्याची रीत नाई."

"थे नाई भेटत."

"काऊन? आता तं तुमच्याही अंगाले व्हत नसन. फाटलं असन."

"फाटलं. पेटीत हाय." तिनं सूप एकदा झटकलं, फोलपटं उडाली, दाणे परत सुपात पडले. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जल्मात मले एकच घडी मोडाले भेटली, पोरी. थे मी देत नसतो."

भिंतीला दुसरं सूप टेकून ठेवलं होतं. मी ते ओढून घेतलं, तिच्यासमोर बसले आणि पोत्यातली तूर त्यात ओतली.